छावणीतला चंदेरी कोट

"काढ आधी तो कोट! काढ म्हणतो ना!"

चेअरमन ओरडत होता, आणि असा ओरडत होता की छावणीतल्या म्हशींनी रवंथ थांबवला. मी पाण्याच्या टँकरवर चढून झाकण उघडत होतो. एवढ्या लांबून मला त्याच्या गळ्याची शीर तट्ट फुगलेली दिसत होती, नळीला गाठ पडल्यावर फुगते तशी. त्याच्यासमोर माझी आत्या उभी होती. एका हातात उसाच्या हिरव्या शेंड्यांची, वाढ्यांची पेंढी, दुसऱ्या हाताची मूठ गळ्याशी, कोटाच्या चेनवर. मागे तिचे दोन बैल. बैलांना वाढ्यांशी मतलब, चेअरमनशी नाही.

"अगं, साहेब मांजरसुंब्याला चहाला थांबलाय. आता येईल इथं. त्यानं तुला ह्या सोंगात बघितलं तर माझी छावणी बंद करंल, कळतंय का?"

आत्या म्हणाली, "बैल बघायला यायलेत ना? मंग बैल बघा म्हणावं. माझ्याकडं का म्हून बघायचं?"

तो कोट कसा होता ते सांगतो, कारण आमच्या तालुक्यात तसला कोट आधी आला नव्हता आणि पुढंही यायचा नाही. चंदेरी, फुगीर, आत एखादी मेंढी मुक्कामाला आल्यासारखा. आणि पाठीवर सोनेरी इंग्रजी अक्षरांत कुण्या परदेशी शिंप्याचं नाव. आमच्याकडं शिंपी कॉलरीच्या आत बोटभर पट्टीवर आपलं नाव लावतो, तेही लाजत लाजत. हा शिंपी ताटाएवढ्या अक्षरांत गिऱ्हाइकाच्या पाठीवरच चढून बसला होता. आत्या उन्हात उभी राहिली की पलीकडच्या डोंगरावर गुराख्याला डोळ्यांवर हात धरावा लागायचा. परळीच्या थर्मलला कोळसा कमी पडला असता, तर नुसतं आत्याला दुपारी चिमणीशेजारी उभं केलं असतं तरी अर्ध्या जिल्ह्यात दिवे लागले असते. माझ्या सांगण्यात थोडा मीठमसाला असतो हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. कोटाच्या बाबतीत मात्र मी हात आखडून लिहितोय.

तर हा कोट आत्यानं घेतलेला नव्हता. तो तिला दिलेला होता, आणि देणारा समोर उभा राहून काढ म्हणून ओरडत होता.

झालं असं. त्या वर्षी पाऊस आमच्या बाजूला फिरकलाच नाही. ऊस नव्हता, कारखान्याचं धुराडं मुकं होतं, विहिरीत दगड टाकला तर धूळ वर यायची. गावच्या सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली आणि पंचक्रोशीतली जनावरं तिथं दावणीला आली. मी टँकरवर ड्रायव्हर. टँकर इतका गळका की मी ज्या रस्त्यानं जायचो त्या रस्त्याच्या कडेला गवत उगवायचं, अख्ख्या जिल्ह्यात हिरवी म्हणून तेवढी एकच रेघ होती आणि तिच्यावर शेळ्या माझ्या मागं मागं यायच्या.

आत्याचा मालक वारलेला. लेक आणि सून पुण्याकडं बांधकामावर गेलेले. जाताना लेक एवढंच म्हणून गेला होता की आई, बैल सांभाळ. त्याला कारण होतं. ती माणसं दरसाल ऊसतोडीला बैलगाडी घेऊन जायची. जोडी असेल तर माणूस गाडीवान. गाडीवर संसार, गाडीवर पोरं, तोडलेला ऊस गाडीत. जोडी नसेल तर तोच ऊस मोळ्या बांधून डोक्यावर वाहायचा. म्हणून आत्या छावणीत बैलांच्या मधोमध गोधडी टाकून राहायची, आणि एक बैल खोकला तरी उठून त्याच्या तोंडाकडं बघायची.

हिवाळ्यात मुंबईकडून मदतीचा ट्रक आला. ट्रकाला कापडी फलक, फलकावर जोडलेले हात. चेअरमननं हार घालून घेतला, ट्रकाच्या पायरीवर उभं राहून भाषण केलं, माणुसकी अजून जिवंत हाय म्हणाला, आणि कपडे वाटले. आता मुंबईच्या श्रीमंत माणसाच्या कपाटातून काय निघणार? नेसता येईल असं एक लुगडं त्यात नव्हतं. टिकल्यांचे झगे, वाघाच्या कातड्याच्या छापाचे सदरे, आणि सगळ्यांवर नावं. छातीवर नाव, बाहीवर नाव, बुडावर नाव. एका म्हाताऱ्याला गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली निळी पँट मिळाली. त्याला फार वाईट वाटलं. एवढी चांगली पँट, कुठं अडकून फाटली असंल, असं म्हणत त्यानं सुनेकडून तिला दोन्ही गुडघ्यांवर फुलाफुलांची ठिगळं लावून घेतली आणि मग समाधानानं घातली.

आमच्या बायकांना ह्यात काही नवल वाटलं नाही. ऊसतोडीला जाणारी बाई लुगड्यावर नवऱ्याचा नाहीतर भावाचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालतेच. उसाचं पान करवतीसारखं चालतं, सदरा नसेल तर संध्याकाळी हात ओळखू येत नाहीत. तेव्हा लुगड्यावर पुरुषाचा कपडा ही आमच्याकडं रोजची गोष्ट. आत्याचा तोडणीचा सदरा आदल्या हंगामातच झिजून गेला होता, त्या जागी कोट आला. तिनं एकदाच नीट बघितला. खिसे चार, त्यातल्या एकाला चेन. त्यात मिश्री बसली. संपलं.

आणि लोकांनी काय बघितलं ते ऐका. आत्यासोबत मी पाटोद्याच्या बाजाराला गेलतो, बैलाच्या खुराला लावायचं औषध आणायला. दुकानदारानं लांबून कोट बघितला आणि गल्ला सोडून उठला. या मॅडम, बसा म्हणाला, स्टूल पुसलं. आत्या जवळ आली. त्यानं खाली पाय बघितले. भेगाळलेले, शेणानं भरलेले. स्टूल त्यानं परत आत ओढून घेतलं, आत्या बसायला वाकलेली असताना. दुकानातून निघालो तर चौकातल्या हवालदारानं अडवलं आणि कोट कुणाचा उचललास म्हणून विचारलं. मला विचारलं नाही, माझ्या अंगावर साधा सदरा होता. एका बाजारात, एका फेरीत, बाई मालकीण झाली, मग भिकारीण झाली आणि शेवटी चोर झाली. तिनं स्वतः यातलं काहीही केलं नव्हतं. ती फक्त खुराचं औषध मागत होती.

आता चेअरमनचं पोरगं घ्या. छातीवर हातभर अक्षरं, डोळ्यांवर काळा चष्मा, पट्ट्याचं बक्कल एवढं की त्यात बघून दाढी करता यावी. ते छावणीत यायचं तेव्हा गाडीतून उतरायच्या आधी बूट पुसायचं आणि उतरल्यावर नाकाला रुमाल लावायचं. पण बसलेली माणसं उठायची. हवालदारानं त्याला कधी विचारलं नाही हे कुणाचं उचललंस. खरं तर विचारण्यासारखं तिथंच होतं, कारण बाप सोसायटीचा चेअरमन आणि कारखान्यावर संचालक. गाडी धुरळा उडवत गेली की मग आमची माणसं बोलायची. काट्यावर आपल्या उसातनं कापलेली घट अंगावर घालून हिंडतंय बे, असं म्हणायची आणि थुंकायची. गाडी परत दिसली की परत उठून उभी राहायची. मीही राहायचो. माझ्याकडं तर टँकरची चावी त्यांचीच.

तर उन्हाळ्याच्या तोंडाशी शहरातून कुणी पाहुणे छावणी बघायला आले. पाहुणा येणार म्हटलं की आमच्याकडं माणूस असेल त्यातलं चांगलं अंगावर घालतो. नव्या सुनेपासून म्हाताऱ्यापर्यंत. पाहुणा आला आणि आपण मळक्या कपड्यांत, ही पाहुण्याचीच नाचक्की. तेव्हा अख्ख्या छावणीनं ट्रकातलं चांगलं चांगलं काढून घातलं. टिकल्यांच्या झग्यात बाई शेण भरतेय, वाघाच्या छापाचा सदरा घालून माणूस वैरण कापतोय, आणि आत्याचा कोट तर होताच. पाहुण्यांनी फोटो काढले, हसले, चहा पिऊन गेले. आठवडा गेला नसेल, तेच फोटो तालुक्याला सगळ्यांच्या मोबाईलवर. खाली लिहिलेलं की बघा दुष्काळग्रस्तांचा थाट, सरकारी चारा कुणाच्या घशात जातोय. सन्मानासाठी घातलेले कपडे आणि त्यांनी त्यात चोरी बघितली.

मग वरून निरोप आला, साहेब तपासणीला येणार. चेअरमननं सगळ्यांना गोळा करून हुकूम सोडला की त्या दिवशी अंगावर चांगलं काही दिसायला नको. फाटकं घाला.

आता तुम्हाला वाटेल, दुष्काळात फाटक्याला काय तोटा. पण आमच्या बायका फाटकं ठेवत नाहीत. फाटलं की शिवतात, शिवता येईना तर गोधडीत घालतात. आदल्या दिवशी छावणीत फाटक्या कपड्यांचा असा तुटवडा पडला की माणसं शेजारच्या गावाला फाटकं उसनं मागायला गेली. ज्याच्याकडं दोन फाटके सदरे होते त्याचा रुबाब बघवत नव्हता. ठिगळवाला म्हातारा तर सुनेकडून ठिगळं उसवून घेत बसला होता आणि सून त्याला शिव्या घालत होती. म्हणजे मुंबईत ती पँट फाटकी म्हणून महाग होती, इथं ती फाटकी म्हणून गरीब झाली. मधल्या काळात तिला जिनं माणसात आणलं त्या सुनेची मेहनत वाया.

चेअरमनला अडचण नव्हती. एरवी तो कडक इस्त्रीत असतो, पण त्याच्याकडं दुष्काळाचा वेगळा सदरा होता. पिवळट, जाडाभरडा, खिशाची शिलाई जरा सुटलेली. दौरा असला की तो घालायचा आणि दौरा गेला की धोब्याकडं द्यायचा, पण खिसा शिवू नकोस असं सांगून.

अख्खी छावणी अशी नटून थटून फाटकी झाली. एक आत्या तेवढी कोटात.

बायकांनी आदल्या संध्याकाळपासून तिला सांगून बघितलं. मी सांगितलं. तिनं ऐकलं नाही. आणि हेही खरं की थंडी सरून कितीतरी दिवस झाले होते, माळावर ऊन असं की टँकरच्या पत्र्यावर भाकरी भाजावी, तरी बाई कोट काढत नव्हती. झोपायची पण त्यातच. घामानं निथळायची. लोकांनी त्याचा अर्थ लावला होता. म्हातारीला कोटाचा माज आलाय, जल्मात असलं कधी बघितलं न्हाई ना, असं शेजारच्या दावणीवरची बाई मला ऐकू जाईल असं बोलली. मलाही दुसरा अर्थ लागत नव्हता.

तर चेअरमन तिच्यावर असा ओरडत असतानाच साहेबाची गाडी आली. चेअरमनचा आवाज एकदम तुपात पडला. साहेब उतरला. त्याच्या सदऱ्याच्या खिशावर एक चित्र होतं, करंगळीच्या नखाएवढं. तेव्हा मला काय ते कळलं नाही. पुढं शहरात राहिलो तेव्हा कळलं की कपडा जितका महाग तितकं त्याच्यावरचं चित्र बारीक होत जातं. नाव ताटाएवढं असलं की माणूस उधळ्या, नखाएवढं असलं की साहेब, आणि काहीच नसलं की साहेबाचा साहेब. हा हिशेब मुंबईच्या ट्रकात कुणी घालून पाठवला नव्हता.

साहेब दावणीमागून दावण बघत आला. फाटके सदरे बघून मान हलवत होता, म्हाताऱ्याच्या उघड्या गुडघ्यांपाशी तर थांबून हळहळला. आणि मग आत्यापाशी आला. कोट चमकला. साहेबानं डोळे बारीक केले.

"ही जनावरं कुणाची?"

आत्या म्हणाली, माझी.

साहेबानं कोटाकडं बोट केलं आणि चेअरमनला विचारलं की असे लाभार्थी आहेत का तुमच्याकडं. बैलांकडं त्यानं बघितलंच नाही. बैलांच्या बरगड्यांत हात घालून बासरी वाजवता आली असती. ते बैल काही ट्रकातून आले नव्हते, त्यांनी कुठल्या शिंप्याचं नाव पाठीवर लावलं नव्हतं. तरी साहेब कोटच बघत होता.

चेअरमन आत्याकडं वळला. आता ओरडला नाही. उलट हात जोडले. "बाई, घटकाभर काढ की. साहेबांना बघू दे आत साधी बाईच हाय म्हणून. तुझं नाव राहील, बैल राहतील. काढ."

सगळी छावणी बघत होती. आत्याची मूठ चेनवर आवळली.

"न्हाई काढत."

मी टँकरवरून उतरलो आणि मधे घुसलो. मी म्हणालो, साहेब, ह्यो कोट मदतीच्या ट्रकातला हाय, चेअरमनसाहेबांनी सोताच्या हातानं दिलाय, ईचारा त्यांना. साहेबानं चेअरमनकडं बघितलं. चेअरमननं माझ्याकडं बघितलं. मग तो म्हणाला, आसंल, लई कपडे वाटले, कुणाकुणाचं ध्यानात ठेवावं.

साहेबानं मान डोलावली आणि म्हणाला, "म्हणजे यांना मदत पोहोचलेली आहे. मग चारा दुसऱ्या गरजूला जाऊ द्या."

हे वाक्य मी तेव्हापासून डोक्यात घेऊन हिंडतोय. त्याच्यात शिवी नाही, आवाज चढलेला नाही, उलट एक प्रकारचा न्याय आहे. तुम्हीच कोट पाठवता, तुम्हीच कोट बघता, आणि तुम्हीच म्हणता कोट आहे म्हणजे पोट भरलंय. बैलांनी कोट खायचा का? मला तेव्हा हे सुचलं नाही. मला सुचलं ते छापता येण्यासारखं नव्हतं, आणि ते मी बोललो. टँकरची चावी त्याच दुपारी माझ्याकडून गेली.

दावणीवरून बैल सोडले. आम्ही ते हाकत माझ्या घरी आणले, म्हणजे आत्याच्या माहेरी. आमच्याकडं पाणी होतं जेमतेम, वैरण नव्हती. शेवटी आम्ही छपराचं पाचट काढून घातलं. आज एक कोपरा, उद्या एक कोपरा. बैलांनी आमचं घर वरून खायला सुरुवात केली. ज्येष्ठात आम्ही घरात जेवायला बसलो की घार ताटात डोकवायची. छप्पर संपलं आणि वाळलेलं काहीच उरलं नाही. डावा बैल एका सकाळी बसला तो उठला नाही. आत्या त्याच्या तोंडाला पाण्याची ओंजळ लावत होती, पाणी एका बाजूनं आत जायचं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर. एकट्या उजव्याकडून गाडी ओढली जात नाही. त्या दसऱ्यानंतर आत्याचा लेक आणि सून तोडणीला गेले ते गाडीवान म्हणून नाही, डोक्यावर मोळ्या वाहायला.

डावा बैल पुरून आलो त्या दिवशी मी आत्यावर तुटून पडलो. माझा सगळा राग तयारच होता, चेअरमनवरचा, साहेबावरचा, त्या फोटोवाल्यांवरचा. ते कुणी समोर नव्हते, आत्या होती. आणि मला आणखी एक गोष्ट खात होती. आमच्या घरी आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी आईनं तिला न्हाणीत नेलं, आणि ती बाहेर आली ती आईच्या कपड्यांत, अंगात कोट नाही. दुसऱ्या दिवशी कोट खुंटीला. नंतर तर तिनं तो त्या डाव्या बैलाच्या पाठीवरच टाकून ठेवला होता, माश्या बसू नयेत म्हणून. म्हणजे कोटावर जीव जडला होता असंही नाही. म्हणजे काढता येत होता.

मी म्हणालो, एवढा चेअरमन हात जोडत होता, साहेब समोर उभा होता, नुसती चेन खाली ओढायची होती, बैल आज दावणीला उभा असता. मी बरंच काही म्हणालो, आणि चांगलं म्हणालो नाही. शेवटी विचारलं, मंग तवा का म्हून काढला न्हाईस?

ती हाताला लागलेली माती चोळून काढत होती. माझ्याकडं बघितलं नाही.

"आत चोळी न्हवती," ती म्हणाली.